भूमिकाखेळांच्या आद्य आवृत्त्या आणि त्यांचे हौशी संग्राहक

१

मुद्रित वाङ्मयाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः ग्रंथांकडे जाते. ग्रंथालयाच्या कपाटात ज्यांना कधी जागा मिळाली नाही अशा कागदांकडे ते सहसा जात नाही. जत्रेत विकली जाणारी चोपडी, नाटकांच्या जाहिराती, खेळांच्या नियमपुस्तिका हे साहित्य त्या त्या काळी असंख्य हातांतून फिरलेले असते. परंतु ते जपण्याची जबाबदारी कोणत्याही संस्थेवर नसल्यामुळे एका पिढीनंतर त्याचा मागमूसही उरत नाही. अशा साहित्याचा इतिहास पुढे लिहिला गेलाच, तर तो बहुधा एखाद्या हौशी माणसाने माळ्यावर टाकून ठेवलेल्या गठ्ठ्याच्या आधाराने लिहिला जातो. अमेरिकेत १९७४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘रोल-प्लेइंग गेम’ या प्रकारच्या खेळांचे आद्य साहित्य हे याचे अलीकडील व बोधप्रद उदाहरण होय. या खेळांना प्रस्तुत लेखात ‘भूमिकाखेळ’ असे म्हटले आहे.

भूमिकाखेळात पट, सोंगट्या अथवा अखेरची हारजीत यांपैकी काहीच अपरिहार्य नसते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक जण प्रसंग वर्णन करून सांगतो व नियमांचा निवाडा करतो. इतर जण एकेका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय करील हे बोलून दाखवितात. कृती सफल झाली की विफल, हे फासे ठरवितात. खेळ संपला म्हणजे बोललेले शब्द हवेत विरून जातात आणि मागे उरतात त्या फक्त नियमपुस्तिका, हाताने काढलेले नकाशे आणि पात्रांचे गुण टिपलेले कागद. म्हणजे मूळ घटना मौखिक आणि तिचा पुरावा मात्र लिखित, अशी ही स्थिती आहे. कीर्तनकाराच्या टिपणवहीवरून कीर्तनाची कल्पना करू पाहणाऱ्याला जी अडचण येते, तीच भूमिकाखेळांच्या इतिहासकारापुढे असते. म्हणूनच त्या कागदांचे मोल अधिक.

२

या खेळांची पूर्वपीठिका युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास रायसविट्झ याने सिद्ध केलेला ‘क्रीग्सश्पील’ हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला जाई व त्यात निवाडा करणारा पंच असे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या छंदाने मूळ धरले. ॲलन कॅलहॅमर यांचा ‘डिप्लोमसी’ हा खेळ १९५९ मध्ये निघाला आणि १९६३ पासून तो टपालाने खेळणाऱ्यांची सायक्लोस्टाइल केलेली लहान लहान नियतकालिके निघू लागली. दूरदूरच्या गावांत राहणाऱ्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या छांदिष्टांचा एक समाज या टपालानेच बांधला. पुढे संग्राहकांचा जो परस्परसहकार दिसतो, त्याचे मूळ येथे आहे.

मिनेसोटा राज्यातील मिनीॲपोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये प्रत्येक खेळाडूस स्वतंत्र व्यक्तिरेखा देणारा एक युद्धखेळ खेळून पाहिला. त्याच मंडळातील डेव्ह आर्नसन (१९४७–२००९) यांनी १९७१ पासून ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रदेशात असा खेळ दीर्घकाळ चालविला. तिकडे विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या लहानशा गावी गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक १९७१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्याला जोडलेल्या पुरवणीत जादूगार व राक्षस यांचेही नियम होते. हे दोन प्रवाह एकत्र येऊन जो खेळ सिद्ध झाला, तोच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो प्रसिद्ध करण्यासाठी गायगॅक्स व डॉन के यांनी १९७३ मध्ये ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही संस्था काढली. लवकरच ब्रायन ब्लूम भांडवल घेऊन तीत आले आणि १९७४ च्या आरंभी खेळ बाजारात आला.

पहिल्या मुद्रणाच्या सुमारे एक हजार प्रती होत्या. लाकडाच्या रेषांसारखा दिसणारा कागद लावलेली पुठ्ठ्याची पेटी, तीत अनुक्रमे ३६, ४० व ३६ पृष्ठांच्या तीन लहान पुस्तिका, सोबत कोष्टकांचे सुटे कागद, आणि किंमत दहा डॉलर. पेट्या हातांनीच भरल्या जात. त्या काळी दहा डॉलर ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने लहान रक्कम नव्हती; त्यामुळे ज्याच्याकडे एक प्रत असे त्याच्याकडून इतर जण छायाप्रती काढून घेत. हजार प्रती खपण्यास बहुतेक सारे वर्ष लागले. १९७५ मध्ये पुनर्मुद्रण झाले व त्यानंतर मागणी झपाट्याने वाढली. पुढील काही मुद्रणांनंतर लाकडी रंगाची पेटी जाऊन पांढरी पेटी आली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पहिल्या पेटीवर ‘भूमिकाखेळ’ या अर्थाचा शब्द कोठेही नाही. लेखक आपल्या कृतीला मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळांचे नियम एवढेच म्हणतात. नव्या प्रकाराला नाव मिळाले ते नंतर, खेळणाऱ्यांच्या चर्चेतून. वस्तू आधी आणि संज्ञा मागून हा क्रम भाषेच्या अभ्यासकाला परिचितच आहे; परंतु येथे तो अगदी सालवार दाखविता येतो, आणि तो दाखविता येण्याचे कारण त्या वर्षांचे कागद कोणी तरी जपले हे आहे.

३

संग्राहकांपुढील पहिला प्रश्न ‘किती दुर्मिळ’ हा नसून ‘हे नेमके कोणते मुद्रण’ हा होता. आरंभीच्या पुस्तिकांवर मुद्रणक्रम नेहमी स्पष्ट छापलेला नसे. तेव्हा ज्याच्यापाशी एक प्रत आहे त्याने दुसऱ्याच्या प्रतीशी ती पानागणिक ताडून पाहिल्याशिवाय काही ठरण्यासारखे नव्हते. ही ताडणी हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे केली. कोणी प्रकाशकाच्या पत्त्यातील फरक टिपले. आरंभीचे पत्ते राहत्या घरांचे आहेत व पुढे टपालपेटीचा क्रमांक येतो. कोणी मुखपृष्ठावरील चित्र बदलले ते पाहिले. कोणी दुरुस्त झालेले व तसेच राहिलेले मुद्रणदोष मोजले. एकाच्या प्रतीत नसलेले पान दुसऱ्याने नक्कल करून पाठविले. तिसऱ्याने आपल्याकडील जादा पुस्तिका देऊन एखाद्या अपुऱ्या पेटीची भरती केली. अशा रीतीने मुद्रणांची जी क्रमवारी सिद्ध झाली, ती कोणा एकाची नव्हे, सर्वांची आहे.

पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्याला ही पद्धती नवी वाटणार नाही. पाठभेद टिपावेत, समान दोष असलेल्या प्रतींचा एक गट करावा, गटांचा परस्परसंबंध ठरवावा आणि पुष्पिका नसेल तेथे अंतःप्रमाणाचा आधार घ्यावा, हेच येथेही घडले. संमिश्र पोथीचाही प्रश्न येथे आहेच. पेट्या हातांनी भरलेल्या, त्यात मागाहून मालकांनी आपसात पुस्तिका बदललेल्या. तेव्हा एका मुद्रणाच्या पेटीत दुसऱ्या मुद्रणाची पुस्तिका सापडली, तर ती मुळातच तशी होती की मागून आली, हे एकट्या प्रतीवरून सांगता येत नाही. अनेकांच्या प्रती एकत्र पाहिल्या तरच एखादी जुळणी वारंवार आढळते की क्वचित, हे कळते. म्हणजे सहकार ही येथे केवळ सौजन्याची बाब नसून प्रमाणशास्त्राची गरज आहे.

या मंडळींच्या सूक्ष्म माहितीमुळे कसे निर्णय बदलतात याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जे. एरिक होम्स यांनी नवशिक्यांसाठी संपादित केलेली आवृत्ती १९७७ मध्ये पेटीतून निघाली. तिच्या काही पेट्यांत फासेच आढळत नाहीत. अनभिज्ञ माणूस अशी पेटी अपुरी समजून टाकून देईल. परंतु १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडल्यामुळे प्रकाशकांनी फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते. ते कापून पेल्यात टाकावयाचे व न पाहता उचलावयाचे, अशी योजना होती. तेव्हा ज्या पेटीत ते तुकडे न कापता शिल्लक आहेत, ती फाशांवाचूनही पूर्ण आहे. उलट तीत कोणी मागाहून फासे घातले असतील तर तो प्रक्षेप होय.

४

पाठभेदांतून कधी कधी शब्दांचा जन्मही पाहावयास मिळतो. आरंभीच्या मुद्रणांत जे. आर. आर. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतील ‘हॉबिट’, ‘एंट’, ‘बॅलरॉग’ ही नावे सरळ वापरलेली होती. त्या कादंबऱ्यांचे व्यापारी हक्क असलेल्यांनी हरकत घेतल्यावर १९७७ च्या सुमारास ती काढण्यात आली. ‘हॉबिट’च्या जागी ‘हाफलिंग’ आला. हा शब्द स्कॉट बोलीत अर्धवट वयाच्या मुलाला पूर्वीपासून लावला जात असे व टोल्किन यांनीही तो वापरला होता. ‘एंट’च्या जागी मात्र ‘ट्रेंट’ हा शब्द नव्याने घडविला गेला. वृक्षवाचक ‘ट्री’ आणि काढून टाकावयाचा ‘एंट’ यांचा तो सांधा आहे. निषिद्ध शब्द नव्या शब्दाच्या पोटात लपून राहिला, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे हा शब्द इतका रूढ झाला की टोल्किन यांचे नावही न ऐकलेले संगणकीय खेळांचे खेळाडू तो सहज वापरतात. कायद्याच्या एका पत्राने शब्दकोशात घातलेली ही भर आहे. तिची तारीख सांगता येते, कारण आधीची व नंतरची अशी दोन्ही मुद्रणे संग्राहकांपाशी शेजारी शेजारी आहेत. १९८० मध्ये निघालेल्या देवदैवतांच्या ग्रंथाचीही हीच कथा. त्याच्या आरंभीच्या प्रती १४४ पृष्ठांच्या आहेत. लव्हक्राफ्ट व मुरकॉक या लेखकांच्या कल्पित दैवतांची प्रकरणे गाळल्यावर तो १२८ पृष्ठांचा झाला.

काही प्रकाशने तर प्रसिद्धीनंतर लगेचच नाहीशी झाली. जीन वेल्स यांनी लिहिलेली ‘पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस’ ही साहस-पुस्तिका १९८१ मध्ये नारिंगी मुखपृष्ठासह छापून तयार झाली. परंतु तिच्यातील काही चित्रे व मजकूर संस्थेच्या वरिष्ठांना अनुचित वाटल्यामुळे ती तातडीने परत घेण्यात आली व बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या. टॉम मोल्डव्हे यांनी ती पुन्हा लिहिली व ती हिरव्या मुखपृष्ठासह बाजारात आली. आज मूळ नारिंगी पुस्तिका वाचता येते याचे श्रेय थोड्याशा वाचलेल्या प्रतींना आहे. एका लेखिकेचे मूळ लेखन व तिच्यावर झालेले संपादकीय संस्करण यांची तुलना त्या प्रतींवाचून अशक्यच झाली असती.

५

संग्रहाचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. त्यावर कर्तृत्वाचे श्रेयही अवलंबून असते. आर्नसन यांनी मानधनाच्या हक्कासाठी १९७९ मध्ये दावा लावला व १९८१ मध्ये त्यात तडजोड झाली. परंतु खेळातील कोणती कल्पना कोणाची, हा वाद त्यानंतरही दशकानुदशके चालू राहिला. आठवणी परस्परविरोधी होत्या आणि प्रत्येक पक्षाला आपली आठवण खरी वाटत होती. अशा स्थितीत समकालीन कागदच साक्षीला उभे राहू शकतात. जॉन पीटरसन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘प्लेइंग ॲट द वर्ल्ड’ हा विस्तृत ग्रंथ मुख्यतः या भूमिकेवर उभा आहे. त्यांनी वृद्धांच्या आठवणींपेक्षा त्या काळची सायक्लोस्टाइल नियतकालिके, पत्रे व नियमांचे मसुदे यांना प्राधान्य दिले. हे साहित्य विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून क्वचितच होते. ते होते छांदिष्टांच्या घरी. पुढे २०२४ मध्ये १९७३ चा मसुदाही छापून प्रसिद्ध झाला आणि छापील पहिल्या आवृत्तीशी तो ताडून पाहणे सर्वांना शक्य झाले.

नियतकालिकांपैकी एकाचा निर्देश आवश्यक आहे. लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ या संकलनात प्रत्येक लेखकाचे टिपण स्वतंत्र असे. संपादिका ती सर्व एकत्र टाचून सभासदांना पाठवीत. एकाने मांडलेल्या नियमावर पुढील अंकात दहा जण टीका करीत. खेळाची परिभाषा कशी ठरत गेली, याचे इतके तपशीलवार दप्तर अन्य कोणत्याही खेळाला क्वचितच लाभले असेल. पण असे अंक सुटे, पातळ कागदाचे व मोजक्या प्रतींचे. एका सभासदाच्या निधनानंतर घर आवरताना ते रद्दीत गेले, तर पुन्हा मिळत नाहीत.

येथेच बाजार आणि विद्या यांचा विरोध दिसतो. पहिल्या मुद्रणाच्या पेटीला आता हजारो डॉलर मोजले जातात. बाजाराच्या दृष्टीने सर्वोत्तम प्रत म्हणजे जिला कोणी हात लावला नाही ती. पेन्सिलीच्या खुणा, समासातील दुरुस्त्या, पेटीत राहून गेलेले पात्रांचे कागद हे सर्व तेथे दोष ठरतात व किंमत उतरवितात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र समासात लिहिलेला घरगुती नियम हाच सर्वांत बोलका पुरावा होय. कारण छापील नियम प्रत्यक्षात कसा खेळला गेला, हे त्यावाचून कळत नाही. कोऱ्या प्रतीवरून प्रकाशकाचा इतिहास लिहिता येतो, वापरलेल्या प्रतीवरून खेळाडूंचा. जाणते संग्राहक हे ओळखतात. खुणा खोडून प्रत ‘स्वच्छ’ करू नये, पेटीतील कोणताही कागद टाकू नये, प्रत कोणाकडून आली हे लिहून ठेवावे, असे ते नवख्यांना आवर्जून सांगतात. बनावट प्रती व नव्याने आवेष्टन घालून मूळ म्हणून विकलेल्या पेट्या यांबाबत ते एकमेकांस सावधही करतात. किंमत वाढली की लबाडी वाढते. तिला आळा घालण्यास येथे कोणतीही अधिकृत संस्था नाही, असलाच तर जाणकारांचा शब्द आहे.

६

संग्रहाच्या नैतिक बाजूचा विचार करावयास लावणारे एक प्रकरण भाषाशास्त्रज्ञांच्या विशेष परिचयाचे आहे. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाई विषय शिकविणारे एम. ए. आर. बार्कर (१९२९–२०१२) हे अमेरिकेतील क्लॅमथ या आदिवासी भाषेचे अभ्यासक. त्यांचा क्लॅमथ शब्दकोश १९६३ मध्ये व व्याकरण १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. उर्दू शिकविणारा त्यांचा पाठ्यक्रमही सुपरिचित आहे. तरुणपणी भारतात आले असता त्यांनी इस्लाम धर्म स्वीकारला होता. ‘टेकुमेल’ हे त्यांनी कल्पिलेले जग युरोपीय मध्ययुगाऐवजी भारत, मध्यपूर्व व मध्य अमेरिका येथील प्राचीन संस्कृतींच्या छायेत उभे आहे आणि त्यातील त्सोल्यानी भाषेला त्यांनी लिपी, व्याकरण व शब्दसंग्रह दिला. त्यावरील ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ प्रथम १९७४ मध्ये अगदी थोड्या सायक्लोस्टाइल प्रतींत निघाला व १९७५ मध्ये लेक जिनीव्हाच्या प्रकाशकांनी पेटीतून छापला. त्या थोड्या प्रती संग्राहकांच्या शोधाचा विषय झाल्या, हे स्वाभाविक होते.

परंतु २०२२ मध्ये बार्कर यांच्या साहित्याची व्यवस्था पाहणाऱ्या न्यासाने जाहीर केले की, १९९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली एक नाझीधार्जिणी कादंबरी त्यांचीच होती. ज्यांनी वर्षानुवर्षे त्यांचे कागद आदराने जमविले होते, त्यांना हा धक्का होता. काहींना ते साहित्य घरात ठेवणेही नकोसे वाटले, आणि त्यांची भावना समजण्याजोगी आहे. तथापि संग्रह म्हणजे सन्मान नव्हे, हा भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. मूर्ती देव्हाऱ्यात ठेवणे वेगळे आणि दस्तऐवज दप्तरात ठेवणे वेगळे. त्सोल्यानी भाषेचे व्याकरण रचणारी बुद्धी आणि ती कादंबरी लिहिणारी बुद्धी एकाच माणसात कशी नांदली, हा प्रश्न पुढील अभ्यासकाला सोडवावयाचा असेल, तर दोन्ही बाजूंचे कागद त्याच्या हाती आले पाहिजेत. गैरसोयीचे पान फाडून टाकणारा संग्राहक शेवटी चरित्रकाराचे नव्हे, भाटाचे काम करतो.

७

सारांश, भूमिकाखेळांच्या आद्य साहित्याचा संग्रह हा केवळ दुर्मिळ वस्तूंचा साठा नसून एका मौखिक खेळाच्या लिखित अवशेषांची सामुदायिक राखण आहे. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ‘द स्ट्राँग’ या खेळविषयक संग्रहालयाने २०१६ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा राष्ट्रीय खेळणी-सन्मानसूचीत समावेश केला. म्हणजे ज्या कागदांना कोणी वाली नव्हता, त्यांना अधिकृत मान्यता मिळावयास चार दशकांहून अधिक काळ लागला. त्या मधल्या काळात ते टिकले ते छांदिष्टांमुळे.

यापुढील काळ मात्र अधिक नाजूक आहे. १९७४ मध्ये विशीत असलेले खेळाडू आज सत्तरीत आहेत. पेट्या विकल्या जातात व त्यांचे मोल सर्वांना कळते. पण एखादी पेटी कोणत्या गावी, कोणाच्या टेबलावर, कोणत्या घरगुती नियमांनी खेळली गेली, ही माहिती मालकाबरोबरच जाते. मुद्रणांची क्रमवारी लावण्याचे काम बव्हंशी पुरे झाले आहे. आता हयात खेळाडूंना भेटून त्यांच्या वह्या, पत्रे व आठवणी त्यांच्या प्रतींशी जोडून नोंदविणे हे काम उरले आहे, आणि त्याला मुदत आहे. हौशी संग्राहकांनी आजवर परस्परांना पाने पुरवून पेट्या पूर्ण केल्या. तोच परस्परसहकार या नोंदीकडे वळला आणि विद्यापीठीय अभ्यासकांनी त्यात कमीपणा न मानता भाग घेतला, तर या खेळाचा इतिहास पुस्तिकांपुरता न राहता खेळणाऱ्या माणसांचाही होईल.